बाळूतात्यांचा ळ

अन्याय झाला तो बाळूतात्या पेंटर यांच्यावर. कधी, तेही नेमकं सांगते : गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या खेळाला, पडदा उजळल्यापासून चौथ्या मिनिटाला. ‘गव्याचा माळ’ हे चित्रपटाचं नाव पडद्यावर उमटलं, कोल्हापूरच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्यापाठोपाठ आलेल्या नावांत ‘शीर्षक-अक्षरे’ या शब्दापुढे माझं नाव झळकलं. अक्षरं तात्यांची होती. तेव्हा आरोपी कोण हे शोधायला चौकशी समिती नेमायची गरज नाही. आरोपी मी.

मी पत्रकं लिहून मोठी झालेय. कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला, हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत आलंच पाहिजे, कारण दुसरी ओळ लोक वाचतील याची खात्री नसते. हा नियम आजवर मी दुसऱ्यांवर चालवला. रस्त्याकडेची झाडं तोडणाऱ्यांवर चालवला, कॉलेजच्या मुलींची एसटी बंद करायला निघालेल्यांवर चालवला. स्वतःवर चालवायची ही पहिलीच वेळ. हात जरा जड झालाय, पण लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे गुन्हा समजेल.

मी चित्रपटांची नावं काढते. नाव ठेवतो लेखक. ते पोस्टरवर, पडद्यावर, मोबाईलच्या नखाएवढ्या चौकोनात कसं दिसेल, हे मी ठरवते. सिनेमावाले त्याला लोगो म्हणतात. शिकले मात्र पत्रकांवर. आमच्या मोर्चांची पत्रकं करून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारी रिकाम्या संगणकावर बसून व्हेक्टरचं सॉफ्टवेअर शिकले. व्हेक्टर म्हणजे असं : मोबाईलवरचा फोटो ठिपक्यांचा असतो, तो ताणून मोठा केला की ठिपके दिसतात आणि कडा फुटतात. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतातच. तिथे थोडे बिंदू असतात आणि त्यांच्यातून जाणारी रेष. प्रत्येक बिंदूला सायकलच्या हँडलसारख्या दोन दांड्या फुटलेल्या असतात. दांडी ओढली की रेष वळते. संगणक अक्षराचं चित्र लक्षात ठेवत नाही, त्याच्या वळणाचं गणित लक्षात ठेवतो. म्हणून तेच अक्षर काडेपेटीवर छापा नाहीतर चौकातल्या चाळीस फुटी फलकावर, कड तेवढीच धारदार राहते.

हातात मावणारं पत्रक आणि मोर्चाच्या पुढे दोघांनी धरायचा फलक एकाच फाइलीतून निघाला, तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात तोंड उघडं टाकून बसले होते. ते आश्चर्य अजून पुरतं उतरलेलं नाही. आणि यातली कारागिरी कशात, म्हणाल, तर बिंदू कमी ठेवण्यात. नवखा माणूस एका गोलाला वीस बिंदू टाकतो आणि गोलाचा बटाटा होतो. जाणता चार टाकतो.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. बिद्रीकडच्या एका ऊसवाल्या निर्मात्याला नावातला प्रत्येक काना म्हणजे एक ऊस हवा होता, पेरांसकट. नावात काने पाच. मी त्यांना म्हटलं, काका, ही मोळी दिसेल. ते खूश होऊन म्हणाले, मोळीच पायजे. दुसऱ्या एकाने कौटुंबिक विनोदी चित्रपटाच्या नावातून रक्त ठिबकवायला लावलं, कारण आदल्या वर्षी गाजलेल्या कुठल्याशा सिनेमात ठिबकत होतं. मी भांडले, हरले, रक्त काढलं. पण एक निवृत्त सुभेदार पत्नीसह आले होते, त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर छोटा चित्रपट केला होता. बाईंनी नवऱ्याला सीमेवर पाठवलेल्या पत्रांतून मी अक्षरं उचलली. पत्र लिहिताना दिवा हलत असावा, ओळी चढत-उतरत गेल्या होत्या. त्या चढउतारातली एक दांडीही मी सरळ केली नाही. ते काम आजही कुणाला दाखवायला लाज वाटत नाही.

ही अक्कल ‘गव्याचा माळ’च्या वेळी कुठे गेली होती, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय.

दिग्दर्शक सागर राधानगरीच्या वरच्या अंगाच्या एका गावचा. माळावर म्हशी चारणारी एक बाई आणि जंगलातून तिच्या कळपात येऊन उभा राहू लागलेला एक गवा, एवढीच त्याच्या चित्रपटाची गोष्ट. गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. पण नाव काढायची वेळ आली तेव्हा सागर म्हणाला, ‘ग’ला शिंगं लाव. मी तीन नमुने केले, तिन्ही बिनशिंगाचे, तिन्ही त्याने परत पाठवले. शेवटी मीच म्हटलं, तुझा माळ तरी दाखव. आषाढात आम्ही गेलो. गवा दिसला नाही. माळही दिसला नाही. पावसाने समोरचा हातभर रस्ता सोडून बाकी सगळं पुसून टाकलं होतं. आम्ही गावच्या दूध संस्थेच्या वळचणीला उभे राहिलो, आणि तिथे मी तो बोर्ड पाहिला.

पत्र्याचा बोर्ड, निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. तीसेक वर्षांचं ऊन-पाऊस खाल्लेला, गंजाने पोखरलेला. मजकूर साधाच : गाईचे, म्हशीचे, दूध घालण्याची वेळ, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘दुधात पाणी मिसळू नये’. पण अक्षरं अशी, की मी पाऊस विसरले. मान खाली घालून, पाय रोवून जनावर उभं असावं तसा त्यातला ‘ग’ उभा होता. शिंगं नव्हती आणि गरजही नव्हती. आणि ‘वेळ’मधला ‘ळ’. मराठीत हे एक अक्षर असं आहे, की बाहेरून आलेल्या बहुतेक फाँटांत ते कुणीतरी नाइलाजाने बसवल्यासारखं बसलेलं असतं. इथे तो ऐटीत बसला होता. दोन पोटं, मधे एक कंबर, आणि सगळा भार अलगद डावीकडे.

गाईच्या ‘ग’पासून वेळच्या ‘ळ’पर्यंत मला हवं ते प्रत्येक अक्षर त्या एका बोर्डावर होतं. मी मोबाईलवर फोटो काढले. सागरही बोर्डाजवळ सरकला होता. शिंगांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता गुन्हा. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते : फोटो दिला की ते आपणहून रेषा शोधून काढतं, हाताने बिंदू टाकत बसावं लागत नाही. मी पूर्ण बोर्ड त्याला दिला. गंजाचे शेकडो डाग होते, त्या प्रत्येक डागाची त्याने बाह्यरेषा काढली. म्हणून मी त्याला सांगितलं, अमुक आकारापेक्षा लहान जे काही असेल ते कचरा समजून टाकून दे. एक बटण दाबलं, डाग गेले, बोर्ड लख्ख झाला. मग अक्षरं सुटी केली, जुळवली. ‘ळ’चं उजवं पोट गंजाने खाल्लेलं होतं, म्हणून आम्ही व्हेक्टरवाले सर्रास जे करतो ते केलं : डावं पोट उचललं, आरशात दिसतं तसं उलटं केलं, उजवीकडे चिकटवलं. दोन्ही पोटं तंतोतंत सारखी. मला फार छान वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

त्या शुक्रवारी पडद्यावर ती अक्षरं उमटली तेव्हा मला अभिमान वाटला, हे कबूल करते. कुठल्या कोपऱ्यातल्या दूध संस्थेच्या पत्र्यावर, वीतभर उंचीची काढलेली अक्षरं, आणि आता घराएवढी झाली तरी डळमळत नव्हती. मी मागे वळून लोकांचे चेहरे बघत होते. तेवढ्यात दोन रांगा मागून मोठ्याने आवाज आला.

“आरं, ह्यो तर बाळू पेंटरचा ळ हाय की.”

थोडं थांबून तोच आवाज म्हणाला, “पर ह्याला झालंय काय?”

मध्यंतरात तो माणूस सागरसोबत समोर आला. सागरचे मामा, वसंतमामा, त्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. चित्रपट बघायला गाडी करून अख्खी कमिटी घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, तुमीच व्हय ह्या अक्षरांच्या बाई? मी मान डोलावली, आणि बोर्डावरून घेतली म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, त्ये कळलंच. पर नाव का न्हाय टाकलं? खाली उजव्या कोपऱ्यात लिवलंय की.

मी मोबाईलवर मूळ फोटो उघडला आणि कोपरा मोठा केला. दोन गंजाच्या डागांमध्ये, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत होतं : बाळू आर्ट. मग माझी फाइल उघडली. तिथे काहीच नव्हतं. ‘अमुक आकारापेक्षा लहान ते कचरा’ असं मीच सांगितलं होतं, आणि त्याने माझं ऐकलं होतं.

सॉफ्टवेअरला शिव्या द्यायचा मोह झाला. पण खरं ते लिहिते : पेंटर लोक कोपऱ्यात नाव लिहितात हे मला लहानपणापासून माहीत आहे. ट्रकच्या फळीवर, तालमीच्या दारावर, पानाच्या टपरीवर शंभरदा वाचलंय. मी त्या दिवशी शोधलं नाही, एवढंच.

चित्रपटाच्या निर्मात्या पुण्याच्या. त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की थिएटरातल्या प्रतीला प्रमाणपत्र मिळालेलं आहे, तिच्यातली रेघही आता हलणार नाही. मात्र तीन आठवड्यांनी चित्रपट घरबसल्या बघण्यासाठी ओटीटीवर जाणार आहे, त्या प्रतीत एक ओळ वाढवता येईल. त्या पेंटरची लेखी संमती आणा. मला वाटलं, सुटले. तीन आठवडे पुष्कळ झाले.

मामांनी पत्ता दिला. बाळूतात्या हल्ली जोतिबाला असतात, लेकीकडे. नवरात्राआधी डोंगरावरचे दुकानदार बोर्ड रंगवून घेतात, ते काम करतात. पुढच्याच मंगळवारी सकाळी गेले. डोंगर धुक्यात होता. दगडी पायऱ्यांवर गुलाल ओला होऊन चिकटला होता. खोबरं-गुलालाच्या एका दुकानापुढे सत्तरीतला एक काटकुळा माणूस उलट्या क्रेटवर बसून पत्र्यावर अक्षरं काढत होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला विचारावं लागलं नाही. पत्र्यावरचा ‘ळ’ मला ओळखू आला.

मी म्हटलं, “तात्या, तुमचं नाव ऱ्हायलं पिक्चरात. मी चुकलो.”

(कोल्हापुरात आम्ही बायकाही ‘आलो, गेलो, चुकलो’च म्हणतो. पुण्याच्या निर्मातीणबाईंना ते फार गमतीचं वाटतं. आमची तक्रार नाही.)

तात्यांनी हातातलं अक्षर पुरं केलं, मगच वळले. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. बोटं फडक्याला पुसली, माझा मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला. ग बरा हाय, म्हणाले. च बी बरा हाय. आणि मग विचारलं, “ळ कुणी मारला ह्यो?”

मी म्हटलं, तुमचाच आहे, दूध संस्थेच्या बोर्डावरचा.

“माझा न्हवं. माझ्या ळ ला दोन पोटं हायत, एक थोरलं, एक धाकटं. ब्रश भरून घेतला की पैल्या पोटात रंग दाटून पडतो, दुसऱ्यात सपत येतो. म्हणून दुसरं बारकं. तू दोन्ही सारकी केलीस. ह्यो चष्मा झाला, अक्षर न्हाय.”

दुकानदारीणबाई आतून हसल्या. मी स्वतःला सावरलं आणि मुद्द्यावर आले. निर्मात्या नाव घालायला तयार आहेत, तुमची सही हवी. वर एक छोटं भाषणही दिलं. कारागिराचं श्रेय, कारागिराचा हक्क, आजवर किती हातांची नावं पुसली गेली वगैरे. पत्रकात बसेल असं भाषण होतं. तात्यांनी ते ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत बुडवत ऐकलं.

“बोर्डावर नाव कशापायी टाकत्यात, ठावं हाय का तुला?”

मी म्हटलं, ओळख राहावी म्हणून.

“व्हळख कुणाला पायजे? रंगाचं पोपडं सुटलं, अक्षर उडालं, तर शिव्या कुणाला घालायच्या त्ये गिऱ्हाइकाला कळाया पायजे. त्येच्यासाठी नाव.” मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाले, “ह्या चष्म्याखाली माझं नाव लावू नगंस.”

मी तिथेच पायरीवर बसले. मी नाव परत करायला आले होते आणि ज्याचं नाव तोच नको म्हणत होता. मी नावाला हक्क समजत होते. त्यांच्या लेखी ती हमी होती. माझ्या आजवरच्या एकाही पत्रकात हा विचार नाही.

मी विचारलं, मग खरा ळ दाखवता का. तात्यांनी जुन्या पत्र्याची पाठ फडक्याने पुसली, खडूच्या दोरीने दोन आडव्या रेषा मारल्या, मनगटाखाली काठी धरली, ब्रश भरला.

पुढचं मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. ब्रश वरून खाली आला, डावीकडे झुकला आणि पोट फुगायला लागलं. रेष पुढे जात नव्हती, पत्र्यातूनच वर येत होती असं वाटलं. सगळ्यात बाहेरच्या टोकाशी ब्रश थांबला, उचलला, किंचित फिरवून तिथेच ठेवला. मग तळाशी तसंच. मग कमरेशी. दुसरं पोट येईपर्यंत ब्रशमधला रंग खरंच विरळ झाला होता, आणि ते पोट आपसूक लहान झालं. वरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी. मी विचारलं, आधी का नाही? म्हणाले, अक्षर आपल्या पायावर हुबं ऱ्हातंय का त्ये आधी बघायचं. मग डोक्यावर दांडी ठेवायची.

ओला ळ धुक्यात चकाकत होता. मी फोटो काढला, पिशवीतला लॅपटॉप काढला, आणि त्याच पायरीवर बसून, यावेळी आपोआप काही न करता, एकेक बिंदू हाताने टाकत गेले. पहिला बिंदू कुठे टाकायचा तर सगळ्यात बाहेरच्या टोकाशी. दुसरा तळाशी. तिसरा कमरेत. आणि माझा हात थांबला. मी बिंदू टाकत होते ते नेमके तिथेच, जिथे तात्यांनी ब्रश उचलला होता. आठ वर्षं मी ज्याला व्हेक्टरचा नियम समजत होते, तो यांच्या मनगटात होता. त्यांनी संगणक पाहिलेला नव्हता. मी कधी ब्रश धरला नव्हता. गोल रेषेला कुठे थांबायचं असतं, हे आम्हा दोघांना त्या रेषेनेच शिकवलं होतं. मग तिने हे आणखी कुणाकुणाला शिकवलं असेल, दगडावर, तांब्याच्या पत्र्यावर, या विचाराने मी जागच्या जागी हलले.

तात्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचे बारीक चौकोन कसले, म्हणून विचारलं. मी सांगितलं, रेष इथे थांबते आणि वळते. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या पोटाच्या उतारावर एका चौकोनावर रंगाने माखलेलं बोट ठेवलं.

“हितं कशाला थांबलीयास? हितं थांबायचं न्हाय.”

मी तो बिंदू पुसला. रेषेने सुटकेचा श्वास टाकावा तसा उतार मोकळा झाला. पहिल्या वेळी सॉफ्टवेअरने काढलेल्या ‘ळ’ला शंभरावर बिंदू होते. आता अकरा उरले होते, आणि बारावा कुठला चुकीचा ते मला एका अशा माणसाने दाखवलं, ज्याला बिंदू म्हणजे काय हे समजून पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतर मी तीनदा डोंगर चढले. तात्यांनी पूर्ण नाव नव्याने पत्र्यावर काढलं, मी ते नव्याने फाइलीत काढलं, त्यांनी चुका काढल्या. ‘व्या’वर आम्ही अख्खी सकाळ भांडलो. ते मला ‘मास्तरीण’ म्हणायला लागले होते. ते कौतुक नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी पडदा बघितला आणि चहा सांगितला. मी ते होकार म्हणून घेतलं.

मग निर्मात्यांना फोन. त्या म्हणाल्या, नावाची ओळ देते म्हटलं होतं, लोगो बदलते म्हटलं नव्हतं. सगळ्या पोस्टरवर तोच आहे. दोन ळ मधला फरक कुणाला दिसणार? मी म्हटलं, जुना ठेवला तर तात्या नाव देणार नाहीत. त्या म्हणाल्या, मग राहू दे. हातात एक आठवडा उरला होता.

इथे माझ्यातली पत्रकवाली उठली. दुसऱ्या दिवशी दोन पानी पत्रक घेऊन गावात वसंतमामांपुढे बसले. त्यांनी चष्मा लावून ते सबंध वाचलं आणि लई लांब हाय म्हणाले. मग ते बाजूला ठेवलं आणि त्याच संध्याकाळी, दूध घालून झाल्यावर, कमिटीची सभा घेतली. सभा भरते का म्हणून मी दाराशी घुटमळत होते. अकरा जण आले. काही जण दुधाच्या रिकाम्या बरण्या हातात घेऊन. एकाने विचारलं, ळ बदलून दुधाचा भाव वाढणार हाय का? मामा म्हणाले, न्हाय. बोर्ड आपला, आपल्या बोर्डावरचं अक्षर त्यांनी मोडलंय. त्यावर तो गृहस्थ म्हणाला, मग लिवा.

ठराव असा झाला : संस्थेच्या बोर्डावरील ‘वेळ’ या शब्दातील ळ हे अक्षर संस्थेची परवानगी न घेता व मोडतोड करून चित्रपटात वापरल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर अक्षर दुरुस्त करून मूळ कारागिराच्या नावासह वापरण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक, सह्या, गोल शिक्का.

माझ्या दोन पानांत जे नव्हतं ते त्या तीन ओळींत होतं. मामांनी सागरच्या हातात कागद ठेवला आणि पुण्याला स्वतः घेऊन जायला सांगितलं. सागरने नंतर सांगितलं, निर्मात्यांनी तो वकिलाला वाचून दाखवला. एका अक्षराची मालकी दूध संस्थेकडे असू शकते का, यावर वकील म्हणाला, बघून सांगतो. मग निर्मात्यांनी ठराव पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनाशी, आणि म्हणाल्या, एका ळ साठी ज्या गावात सभा भरते त्या गावाची गोष्ट आपण दाखवतोय. बदला तो.

मी पुन्हा जोतिबाला गेले. चित्रपटाच्या नावाची पूर्ण झालेली पाटी लॅपटॉपवर उघडून तात्यांपुढे धरली. त्यांनी ‘ग’पासून बघायला सुरुवात केली आणि ‘ळ’पाशी आले. डोकं जरा तिरकं केलं. बोट स्क्रीनवर, उजव्या कोपऱ्यात टेकवलं.

“आता लाव नाव.”

घरबसल्या बघायच्या प्रतीत आज त्या कोपऱ्यात ‘बाळू आर्ट’ आहे. माझं नाव त्यानंतर येतं, ‘रेखांकन’ या शब्दापुढे, आणि मला ती जागा बरोबर वाटते. मात्र थिएटरात ज्यांनी तो चित्रपट पाहिला, त्यांनी चष्मा पाहिला. ती प्रत मला कधीच दुरुस्त करता येणार नाही. तात्यांनी याबद्दल मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

आता तुमच्याकडे वळते. हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे. मुखपृष्ठावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. ती अक्षरं आभाळातून पडलेली नाहीत, कुणीतरी ती काढली आहेत. अंक मिटा, ती अक्षरं नीट बघा, मग अनुक्रमणिकेच्या पानावर काढणाऱ्याचं नाव शोधा. चित्रकाराचं सापडेल, छपाईवाल्याचं सापडेल. अक्षरवाल्याचं सापडलं नाही तर संपादकांना पत्र लिहा आणि विचारा : ही अक्षरं कुणाच्या हातची, आणि त्या हाताने ती जशी काढली होती तशीच आम्ही बघतोय का? संपादकांनी हा परिच्छेद कापला नसेल, तर पत्राला उत्तरही देतील. दिवाळी संपेपर्यंत थांबू नका. पुढचा लेख उघडण्याआधी लिहा.